डॅफोडिलचं भांडं वेगळं

४ मार्च

आज पहिलं फूल कापलं. दुधाच्या पिशवीच्या कात्रीने! ह्यांना बोलता आलं असतं तर ओरडले असते.

पिवळं, कर्ण्यासारखं तोंड असलेलं. डॅफोडिल — एवढं नाव मला येतं, बाकी ह्या विषयात मी ढ. थंडी पडायच्या आधी ह्यांनी मागच्या अंगणात कंद पुरले आणि त्याच आठवड्यात झटका आला. उजवा हात, उजवा पाय, वाचा — सगळं एकदम गेलं. कुठे काय पुरलंय ते ह्यांच्या डोक्यात, आणि डोक्यातलं काही बाहेर येत नाही. आता एकेक कोंब आपला आपण वर येतोय. कपडे वाळत घालायला गेले तर एक पायाखालीच येणार होता!

हे वरच्या खोलीत, पलंगावर. खिडकी रस्त्याच्या बाजूची. अंगण दिसत नाही आणि जिना उतरवत नाही. म्हटलं, फूलच वर नेऊ. फुलदाणी आपल्या घरात नाही. सडक्या पाण्याचा वास घरात नको, हा नियम माझा. हे आपली फुलं दवाखान्यात नेऊन ठेवायचे. गाल धरून बसलेली माणसं आणि मध्ये टवटवीत फुलं! तर पाण्याचा पेला घेतला, काठोकाठ भरला, फूल खोचलं, उशाशी ठेवलं.

हे बघत राहिले. फुलाकडे, मग पेल्याकडे, मग माझ्याकडे. आयुष्यभर लोकांचे किडके दात बघितले, अगदी तसंच.

६ मार्च

पेला सांडला. डाव्या हाताने, सरळ ढकलून! गादी ओली, चादर ओली, सदरा ओला. सकाळी आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "लहान मुलासारखं होतं बघा, बाई, ह्या दुखण्यात." मला राग आला. मावशींचा की ह्यांचा, ते ठरवता आलं नाही.

चादर बदलायची म्हणजे ह्यांना कुशीवर घ्यायचं. मावशी एका बाजूने, मी दुसऱ्या. माझ्या कमरेत कळ आली ती डोळ्यांतून पाणी काढूनच गेली. तोंड फिरवून पुसलं.

७ मार्च

कंबर. दुसरं काही लिहायला नाही.

१० मार्च

व्हायचं ते झालं. मावशी गेल्यावर ह्यांना खुर्चीतून पलंगावर घेत होते. नेहमीसारखं माझ्या खांद्यावर हात, माझा हात ह्यांच्या पाठीखाली. एक, दोन, आणि कंबरच बसली. आम्ही दोघं जमिनीवर! हे माझ्या अंगावर. लागलं कुणालाच नाही फारसं, पण उठायचं कसं? मी हाका मारल्या. शेजारचे दोघे भाऊ आले, त्यांनी उचललं. तोवर आम्ही तसेच पडून. ह्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याला लागून. डोळे मिटून घेतले होते ह्यांनी.

शेजाऱ्यांना सांगितलं, चिमीला कळवू नका. त्यांनी लगेच कळवलं.

११ मार्च

चिमी आली. आमची लेक. चाळिशी आली तरी चिमीच. दारातून आत येता येताच सुरू — "आई, तुला काही झालं असतं तर? दोघांना कोण बघणार?" मी म्हटलं, आधी चप्पल तर काढ.

वर आलो तेव्हा कळलं, तिने सगळं आधीच बघून ठेवलंय. अशा रुग्णांसाठी एक संस्था आहे, तिच्या घरापासून जवळ. उचलायला माणसं, रोज व्यायाम, डॉक्टर. एक खोली रिकामी होते आहे, महिनाअखेरपर्यंत ते आपल्यासाठी धरून ठेवतील.

मी म्हटलं, बाबा कुठेही जाणार नाहीत. हे घर त्यांचं आहे.

तर हळूच म्हणाली — हळू बोलली म्हणून जास्त लागलं — "आई, बाबांना आता काही कळत नाही गं. ते कुठे आहेत ह्याने त्यांना फरक पडत नाही. तुला पडतो."

हे तिथेच होते. दाराआड नाही, पलीकडच्या खोलीत नाही. तिथेच, पलंगावर!

मी तिला हाताला धरून खाली नेलं आणि इतकं बोलले की तिला चहा विचारायचा राहिला. शेवटी म्हटलं, ह्यांना कळतं, मी तुला दाखवते. ती म्हणाली, "दाखव. मला काय, नको आहे का?" आणि रडली.

आता दाखवायचं कसं, हा प्रश्न.

१४ मार्च

ट्यूलिप फुलले! लाल चार, एक पांढरा कडेला लाल रेघ असलेला. कंजूषपणा नको म्हणून कॉफीची मोठी बरणी घेतली, धुतली, त्यात ट्यूलिप आणि ताजे कापलेले डॅफोडिल सगळे एकत्र लावले. मला वाटलं छानच दिसतंय. लाल-पिवळं. ह्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि भाजी चिरायला खाली आले.

वर गेले तर काय! सगळे डॅफोडिल जमिनीवर. एकेक उपसून फेकलेला. ट्यूलिप तेवढे बरणीत. मी गोळा केले, परत खोचले. पुन्हा उपसले, माझ्यादेखत! तोंडातून तो एकच आवाज — "बा, बा, बा." मी म्हटलं, "अहो, का असा छळ मांडलाय? फुलांनी काय घोडं मारलंय तुमचं?" बरणी उचलून खिडकीत ठेवली, हात पोचणार नाही अशी. डॅफोडिल परत त्यातच.

मावशींना सांगायला नको होतं. "फेकाफेक करायला लागले म्हणजे..." एवढंच म्हणून थांबल्या.

१५ मार्च, रविवार

सकाळी ट्यूलिपांनी माना टाकल्या होत्या. एका रात्रीत! डॅफोडिल मात्र ताठ. ह्यांनी तिकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी चिमी आणि जावई आले. चिमीने सफरचंदं आणली होती, ह्यांना आवडतात म्हणून, चांगली पिकलेली, वास सुटलेली. मी सकाळीच दोन नवे ट्यूलिप कापून आणले होते, वेगळ्या पेल्यात. तिने फळांची बशी त्या पेल्याला खेटून ठेवली, ह्यांचा हात हातात घेतला, "बाबा, मी आलेय."

ह्यांनी हात सोडवला आणि बशी ढकलली. एकदा नाही जमलं, दुसऱ्यांदा जोर लावून. काचेची बशी, तुकडे तुकडे. सफरचंदं पलंगाखाली.

जावई बिचारे ओणवे होऊन काचा वेचत बसले. चिमी बाहेर गेली. जिन्यात बसून मला म्हणाली, "ओळखलं नाही मला त्यांनी."

१६ मार्च

आज जे केलं ते करायला नको होतं.

हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला. परीक्षा घ्यायची खोड जात नाही. सकाळी ह्यांना विचारलं, चहा हवा? मान हलली — हो. म्हटलं, बाहेर पाऊस पडतोय? ऊन होतं लख्ख. हो. मग विचारलं, "अहो, तुमचं नाव चहा का?" हो. चांगली दोनदा मान हलवली, माझ्याकडे बघून. प्रेमाने.

बोलायला शिकवणाऱ्या बाई दर मंगळवारी येतात, त्यांनी मागेच सांगितलं होतं — ह्या दुखण्यात हो आणि नाहीची गल्लत होते, मनात एक आणि मान दुसरंच. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. पण आज वाटलं, गल्लत कसली? आत काही उरलंच नसेल तर? चिमीचंच खरं असेल तर? मग मी गेले चार महिने कुणाशी बोलते आहे?

खूप रडले. मोरीत, नळ सोडून.

१८ मार्च

आज सगळं लिहून काढते, नाहीतर विश्वास बसायचा नाही.

संध्याकाळी कांदेकाका आले. हे ह्यांचे फिरायला जाण्यातले मित्र. कंदांची देवाणघेवाण करायचे दोघं. चिमी लहान असताना तिला ते कांदेच वाटायचे, म्हणून नाव कांदेकाका. ह्यांच्या दुखण्यानंतर दोनदाच आले. मी मनात धरलं होतं. पण आज कळलं, त्यांना बघवत नाही. दारातच डोळे भरले त्यांचे.

खोलीत आले, ह्यांच्या गुडघ्यावर थाप मारली, आणि नजर गेली बरणीकडे. दुपारीच मी खिडकीत, ह्यांच्या हाताबाहेर, पुन्हा दोन ट्यूलिप आणि ताजे डॅफोडिल एकत्र लावले होते. म्हातारा जो हसला!

"वहिनी! डॅफोडिल आणि ट्यूलिप एका भांड्यात? अहो, सख्ख्या जावा एका चुलीवर!"

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणजे असं, की डॅफोडिल कापला की देठातून चीक गळतो. बुळबुळीत. तो पाण्यात उतरला की बाकीच्या फुलांचे देठ बंद होतात, पाणी पीत नाहीत, माना टाकतात. म्हणून डॅफोडिलचं भांडं वेगळं. "डॉक्टरसाहेबांनीच तर शिकवलं मला हे," काका म्हणाले.

मी विचारलं, आणि पाणी? काठोकाठ भरलं तर? "छे छे! कंदाच्या फुलांना बोटभर पाणी, गार. जास्त झालं की देठ कुजतो." मग मी विचारलं, "काका, फुलांजवळ सफरचंद ठेवलं तर?"

"कशाला ठेवाल? पिकल्या फळाचा वास लागला की फुलं लवकर झडतात. डॉक्टरसाहेब दवाखान्यात कुणाला डबासुद्धा उघडू द्यायचे नाहीत फुलांपाशी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. आणि मग — मी शपथेवर सांगेन — डावी भुवई वर केली. 'आत्ता कळलं का?' अशी.

मी हसत होते की रडत होते, देव जाणे. पेला सांडला नव्हता, पाणी कमी केलं होतं! फेकाफेक नव्हती ती! माझी चूक सुधारत होते हे, परत परत. आणि मी बरणी खिडकीत नेऊन ठेवली! कांदेकाकांना दुसरा चहा दिला. त्यांना बंद असलेली साखर दोन चमचे घालून.

१९ मार्च

ह्यांच्या हाताखाली उमेदवारी सुरू. उमेदवार नापास व्हायच्याच लायकीची आहे.

डॅफोडिल एका पेल्यात, ट्यूलिप दुसऱ्यात, पाणी बोटभर. देठ तिरके कापले. ह्यांनी बघितलं, काही ढकललं नाही. पण एक ट्यूलिप कितीही केला तरी लवंडतोच. मी टेकू देऊन बघितलं. ह्यांचा हात हवेत काहीतरी मागत होता, "बा, बा." रुमाल दिला, नको. पाणी, नको. चष्मा दिला तर असं बघितलं की मला हसू आलं. शेवटी डोळे कपाटाकडे. कपाट उघडून एकेक वस्तू दाखवत गेले, आणि दवाखान्यातल्या हत्यारांची चामडी पेटी आली तेव्हा हात थांबला.

दात टोचून बघायची ती बारीक सळई उचलली ह्यांनी. ट्यूलिप मला धरायला लावला. फुलाच्या बरोबर खाली, मानेशी, टोच! आरपार. मी म्हटलं, मेलं ना आता फूल? पेल्यात ठेवलं. मावशींचं काम आटपेपर्यंत ट्यूलिप ताठ उभा! हवा अडकलेली असते म्हणे आत, ती निघून जाते. कांदेकाकांनी फोनवर सांगितलं.

डाव्या हाताने, थरथरत, पण नेम चुकला नाही. 'आ करा' म्हणायचं तेवढं राहिलं.

२० मार्च

ट्यूलिप कापल्यावरही वाढतात! काल पेल्याच्या काठावर होते, आज वरती निघालेत, उजेडाकडे वळून. मुळं नाहीत, माती नाही, आणि वाढतायत मेले. मी ह्यांना दाखवलं. त्यांना माहीत होतंच, पण मला माहीत झालं म्हणून खूश दिसले.

किती वर्षं संसार केला आणि हा माणूस अंगणात काय करतो ते कधी विचारलं नाही. पायपुसण्यावरची माती तेवढी बघितली. आता विचारते तर उत्तर द्यायला बोटभर जागा उरलीय. तरी उत्तर देतात.

२१ मार्च

उद्या चिमी येणार. परीक्षा तिच्यासमोर घ्यायची. सगळी तयारी झालीय — डॅफोडिल आजच कापून बादलीत ठेवलेत, उद्या घाई नको म्हणून. तिच्या डोळ्यांदेखत ट्यूलिपांत खोचणार, आणि हे उपसून काढणार. मग बघू कोण म्हणतं कळत नाही!

कमरेला पट्टा बांधते आता, कपड्यांच्या आतून. ह्यांना कुशीवर घेताना पलंगाची दांडी धरावी लागली आज. ह्यांनी विचारल्यासारखं बघितलं. म्हटलं, काही नाही हो, पाय सरकला.

२२ मार्च, रविवार

नापास.

चिमीला मी सगळं समजावलं. चीक, सफरचंद, सगळं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा मी ओळखते. आईला बोलू द्यावं, असा. मग तिच्यासमोर मी डॅफोडिल ट्यूलिपांच्या भांड्यात घातले, स्टुलावर ठेवले, बाजूला झाले.

ह्यांनी डॅफोडिल एक उचलला. देठाच्या टोकाला अंगठा लावला. परत ठेवून दिला. आणि डोळे मिटून स्वस्थ पडले.

आम्ही थांबलो. चहा केला, प्यायलो. भांडं जसंच्या तसं. मी म्हटलं, "अहो, काढा ना! अहो!" त्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. हो.

चिमीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे, आई." मला तो हात झटकून टाकावासा वाटला. ती म्हणाली, संस्थेचे लोक बुधवारी फोन करतील, मी तोवर विचार करावा. मी विचार करणार नाही. पण बोलले नाही तसं. बोलायला तोंड कुठे होतं?

२३ मार्च

कांदेकाकांना फोन केला, भांडायलाच. म्हटलं, तुमचं ते चिकाचं शास्त्र खोटं आहे. दोन्ही फुलं कालपासून एकत्र आहेत, ट्यूलिप ठणठणीत!

"डॅफोडिल कधी कापले होतेत?"

आदल्या दिवशी, म्हटलं. बादलीत ठेवले होते.

मग तो म्हातारा इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. "अहो मग बरोबरच आहे त्यांचं! एक दिवस वेगळ्या पाण्यात राहिले की चीक गळून जातो. मग ठेवा की कुणाबरोबरही! देठ पुन्हा कापायचा नाही, एवढंच. वहिनी, पेपर तुम्ही चुकीचा काढलात आणि पोराला नापास केलंत!"

मी जिन्यावर बसले. अंगठा लावून बघितला होता ह्यांनी! चीक नाही म्हणून परत ठेवला! तीस वर्षांत कधी असा पेपर काढला नव्हता मी. वर जाऊन ह्यांची माफी मागितली. हात जोडून, नाटकात मागतात तशी. हसले. तोंड डावीकडूनच हसतं, पण ते हसणं मला सगळं दिसतं.

चिमीला लगेच कळवलं. म्हणाली, "आई, प्रत्येक वेळी काहीतरी कारण सापडतंच का?" मी म्हटलं, रविवारी ये. ह्या वेळी पेपर तू काढ.

२५ मार्च

संस्थेचा फोन. म्हटलं, एकतीस तारखेपर्यंत थांबा. कबूल झाले.

२७ मार्च

रात्री झोप नाही, कमरेमुळे. दिवसा हे झोपले की मी झोपते, खुर्चीत. आज डोळे उघडले तर हे जागे होते आणि माझ्याकडे बघत होते. किती वेळ, कोण जाणे.

२९ मार्च, रविवार

चिमी आली ती सरळ अंगणात. मला म्हणाली, तू वर यायचं नाहीस, खालीही यायचं नाहीस, जिन्यात बस. जिद्दीला माझ्यावरच गेलीय. जावयांनी मला खुर्ची आणून दिली जिन्यात.

तिने काय केलं — तिने फोनवर सांगितलं म्हणून काल मी कापून बादलीत ठेवलेले डॅफोडिल घेतले, आणि आत्ता ताजे कापले तेवढेच. दिसायला सारखे. सगळे मिसळून ट्यूलिपांच्या भांड्यात लावले. कुठले कालचे, कुठले आजचे, हे तिला ठाऊक, कारण तिने आजच्यांच्या पाकळीमागे पेनाने बारीक ठिपका केला होता. ह्यांना दिसणार नाही असा. मग स्टुलावर ठेवून गप्प उभी राहिली.

मी जिन्यातून ऐकत होते. काहीच ऐकू येईना. मग टप. फूल जमिनीवर पडल्याचा आवाज येतो का कधी? मला आला. मग पुन्हा टप.

मग चिमीचं रडणं.

धावले वर, पट्टा-कंबर विसरून. ह्यांनी एकेक डॅफोडिल उचलून देठाला अंगठा लावून बघितला होता. कालचे भांड्यात परत. आजचे सगळे जमिनीवर. चिमी त्यांच्या पाकळ्या उलट्या करून बघत होती. ठिपका, ठिपका, ठिपका. एकही चुकला नव्हता!

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी मला वाटलं तुम्ही मला..." ह्यांनी चिकट अंगठा तिच्या नाकाला पुसला. ती पाच वर्षांची असताना पुसायचे तसाच. जावईसुद्धा खिडकीकडे वळले.

अगदी भरून पावले आज. मी सांगत नव्हते का? सांगत नव्हते का मी?

जाताना चिमी म्हणाली, "आई, चुकलं माझं. आपण त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो. आता संस्थेचं काय ते बाबांनाच विचारायचं." मी म्हटलं, खुशाल विचारा!

३० मार्च

बोलायला शिकवणाऱ्या बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "काकू, शब्दाने विचारलं तर हो-नाहीचा घोळ होणार. वस्तू हातात आली की ह्यांचं बरोबर चालतं, हे तुम्हीच शोधलंत. मग फोटो ठेवून विचारू." एक फोटो घराचा, एक संस्थेच्या खोलीचा. हाताने दाखवायचं. मग फोटोंच्या जागा बदलून पुन्हा. म्हणजे चुकून हात पडला असं कुणी म्हणायला नको. चिमी उद्या रजा घेऊन येतेय.

घराचा फोटो मी निवडला. अंगणाच्या बाजूने काढलेला. ट्यूलिप दिसतात त्यात.

गादीवर घालायला नवी मेणकापडं आणली आज, पुढच्या सबंध वर्षाला पुरतील एवढी. दुकानदार म्हणाला, एवढी कशाला? म्हटलं, लागतात. उत्तर मला माहीतच आहे. पण ते चिमीला बघू दे.

३१ मार्च

ह्यांनी संस्थेच्या फोटोवर हात ठेवला.

बाईंनी जागा बदलल्या. पुन्हा संस्था. मी म्हटलं, "अहो, नीट बघा ना! हे घर आहे, आपलं!" बाईंनी मला गप्प केलं, तिसऱ्यांदा मांडले. ह्यांनी दोन्ही फोटो सावकाश बघितले. घराच्या फोटोवरून एकदा बोट फिरवलं. आणि हात संस्थेवर. मग तोच हात उचलून माझ्या कमरेवर ठेवला, पट्ट्यावर, आणि काढेनात.

चिमी म्हणाली, "आई, बाबांना कदाचित कळलं नसेल."

मी म्हटलं, कळलंय.